जेरी मॅथर्स व्हिएतनामात मारले गेले नव्हते

‘लीव्ह इट टू बीव्हर’ या जुन्या अमेरिकन टीव्ही मालिकेतला छोटा बीव्हर, म्हणजे ती भूमिका करणारा बालकलाकार जेरी मॅथर्स, व्हिएतनाम युद्धात मारला गेला, असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. हे साफ खोटं आहे. १९६९च्या अखेरीस उठलेली ही आवई.

मॅथर्स हवाई दलाच्या राखीव तुकडीत होते, इतकंच खरं. १९६७च्या एमी या टीव्ही पुरस्कारांच्या सोहळ्यात ते कडक इस्त्रीच्या लष्करी गणवेशात मंचावर आले होते. पण त्यांची नेमणूक अमेरिकेबाहेर कधी झालीच नाही. पुढे ते कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातून तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाले आणि १९८३मध्ये मोठा झालेला बीव्हर म्हणून पडद्यावर परतले. जिवंत माणसाच्या आईवडिलांना त्याच्या मरणाची बातमी ऐकावी लागते, याचा तरी विचार पुढे पाठवणाऱ्यांनी करावा.