ओढ्याच्या वरच्या जमिनीचं काय होतंय ते आधी बघा

पहिला मोठा पाऊस झाला त्या संध्याकाळी ओढ्यातून एक काचेची बरणी भरून आणली होती, ती चार दिवस झाले टेबलावरच आहे. वरचा सगळा उतार प्लॉटिंगसाठी नुकताच जेसीबीने खरवडलाय, गवत नाही, झुडूप नाही, नुसती उघडी माती. बरणीतली वाळू पाच मिनिटांत तळाला गेली, जाड गाळ तासाभरात बसला, पण वरचं पाणी आज चौथ्या दिवशीसुद्धा नितळलेलं नाहीये, मागे पुस्तक धरलं तर अक्षर दिसत नाही. ही जी बारीक माती तरंगत राहते ना, तिलाच खतातला फॉस्फरस चिकटून बसतो आणि तीच सगळ्यात लांब जाते, पार जलाशयापर्यंत.

पाण्याची चर्चा निघाली की आपण लगेच प्लांट, क्लोरीन, पाइपलाइन यावर येतो. ते सगळं लागतंच, नाही म्हणत नाही. पण पाणी चांगलं राहणार की बिघडणार हे बरंचसं त्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं, वरच्या गावातल्या कुठल्या जमिनीवर काय करायची परवानगी दिली त्या कागदावर. आणि तो कागद बघताना पाण्याचा विचार जवळजवळ कोणी करत नाही, हे माझं म्हणणं आहे.

कारण परवानगी एकेक करून मिळते. एक लेआउट, मग शेजारचा दुसरा, मग एक गोठा, एक पोल्ट्री, एक गोडाऊन, आणि प्रत्येक फाइल एकटी बघितली तर तिच्यात काही वावगं नसतं. एका घराच्या सेप्टिक टँकने काही बिघडत नाही, टँकमधलं पाणी शोषखड्ड्यातून मातीत मुरतं, मातीतले जिवाणू बरीच घाण संपवतात, ही चांगली व्यवस्था आहे. पण त्या पाण्यातल्या नायट्रोजनपासून बनणारं नायट्रेट, म्हणजे पाण्यात सहज विरघळणारा क्षार, मात्र मातीत फारसं अडत नाही, ते पाण्याबरोबर सरळ खाली उतरतं, आणि लहान लहान प्लॉटवर दीडशे घरं दाटीने बसली, प्रत्येकाचा शोषखड्डा आणि प्रत्येकाची बोअर शेजारीशेजारी, की मग त्याची बेरीज बोअरच्या पाण्यात दिसते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम ठेवलीय ती मुख्यतः तान्ह्या बाळांसाठी, वरच्या दुधाची पावडर अशा पाण्यात कालवली तर बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होते आणि बाळ निळं पडू शकतं. आणि हे पाणी उकळून सुधारत नाही, उलट पाणी आटतं आणि नायट्रेट तेवढंच राहतं.

तसंच सिमेंट-डांबराचं. पाणलोटाचा साधारण १० टक्के भाग छपरं, रस्ते, पार्किंग याखाली गेला की ओढ्याची तब्येत ढासळायला लागते असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, नाजूक ओढ्यांत त्याच्याही आधी. १० टक्के म्हणजे किती कमी बघा, तेव्हा आजूबाजूला सगळी शेतंच दिसत असतात, कोणाला वाटतही नाही की इथे आता शहर झालंय.

शेतकऱ्यालाच दोष देऊन मोकळं व्हायचं हे मला अजिबात पटत नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात वॉकर्टन नावाचं छोटं गाव आहे, तिथे मे २००० मध्ये जोरदार पावसात शेणखताबरोबरचा ई. कोलाय नावाचा जिवाणू गावाच्या उथळ विहिरीत उतरला, ७ माणसं गेली, सुमारे २,३०० आजारी पडली. क्लोरीनकडे नीट लक्ष दिलं नव्हतं ही मोठी चूक चौकशीत निघालीच, पण ज्याच्या शेतातून ते आलं त्या शेतकऱ्याने खत रीतीप्रमाणेच टाकलं होतं, त्याचा दोष नाही असंही चौकशीने सांगितलं. मग चुकलं कुठे? विहीर आणि ते शेत एकमेकांच्या एवढं जवळ असताना ती जागा जपायची व्यवस्थाच कोणी लावली नव्हती. एवढी माणसं गेल्यावर २००६ मध्ये ओंटारिओने पाण्याच्या उगमाभोवतीच्या जमिनीचे आराखडे करायचा कायदा केला.

अमेरिकेतल्या टोलेडो शहरात तर ऑगस्ट २०१४ मध्ये प्लांट चालू होता, तरी चार लाखांहून जास्त लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. मोमी नदीच्या खोऱ्यातल्या शेतांतून वाहून आलेल्या फॉस्फरसवर ईरी सरोवरात निळंहिरवं शेवाळ माजलं होतं आणि त्याचं विष पाण्यात उतरलं होतं. तेही उकळून जात नाही, आटवलं तर आणखी तीव्र होतं.

आता खरा प्रश्न. खालच्या शहराला चांगलं पाणी हवं म्हणून वरच्या गावांनी घरं बांधायची नाहीत, गोठे वाढवायचे नाहीत, जमीन विकायची नाही? हे कोणीही ऐकून घेणार नाही आणि घेऊही नये. न्यूयॉर्कचं उदाहरण मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. त्यांचं बहुतेक पाणी कॅट्स्किल आणि डेलावेअरच्या डोंगराळ पाणलोटातून येतं, आणि नव्वदच्या दशकात फिल्टर प्लांट बांधायची वेळ आली तेव्हा नुसत्या बांधकामाचा अंदाज सुमारे ६ अब्ज डॉलरचा होता. तो खर्च टाळायला शहराने आधी काय केलं, तर १९९० मध्ये वरच्या जमिनींसाठी कडक नियमांचा मसुदा काढला, आणि वरचे शेतकरी आणि गावं खवळून उठली, साहजिकच आहे. मग काही वर्षं बोलणी झाली आणि १९९७ मध्ये करार झाला. सेप्टिक टँक दुरुस्तीचा खर्च शहर देणार. शेताचा आराखडा शेतकऱ्यांच्याच संस्थेने करायचा, पैसे शहराचे. जमीन घ्यायची ती फक्त जो राजीखुशीने विकेल त्याच्याकडून, आणि घेतलेल्या जमिनीवरचा कर शहर तिथे भरत राहणार. तो फिल्टर प्लांट आजही बांधावा लागलेला नाही, पाण्यावर क्लोरीन आणि अतिनील किरणांची प्रक्रिया होते, बाकीचं काम डोंगर आणि माती करते. तक्रारी संपल्यात असं नाही, शहर जमिनी घेत गेलं तर आमच्या गावांनी वाढायचं कुठे असं तिथले लोक विचारतात, आणि तो प्रश्न रास्तच आहे.

वाढ थांबवा असं मी म्हणतच नाहीये, ती कुठे होऊ द्यायची एवढंच म्हणतोय. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातल्या माँटगोमेरी काउंटीने (आपल्या जिल्ह्यासारखी) १९८० मध्ये सुमारे ९३,००० एकर जमीन शेतीसाठी राखली, तिथे २५ एकरांना एक घर, आणि ज्यांचा बांधायचा हक्क कमी झाला त्यांना तो हक्क विकता येतो, घेणारा तो जिथे रस्ते आणि ड्रेनेज आहे तिथे वापरतो. मुख्य हेतू शेती वाचवायचा होता, पण पाण्याच्या दृष्टीनेही हेच हवंय, घरं एका जागी दाट आणि ड्रेनेजला जोडलेली, बाकी उतार मोकळा. आपल्याकडे टीडीआर, म्हणजे एका जागेचा बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायचा, हा शब्द सगळ्यांना पाठ आहे, तो शहरातल्या टॉवरसाठीच का वापरायचा?

आणि घाई का करायची ते सांगतो. न्यूझीलंडच्या ताउपो सरोवरात जमिनीखालून येणाऱ्या पाण्यातला बराच भाग कित्येक दशकांपूर्वी पडलेल्या पावसाचा असतो, म्हणजे जुन्या पिढीने सोडलेला नायट्रोजन अजून वाटेतच आहे. तिथे सरोवर स्वच्छ दिसत असतानाच प्रत्येक शेतावर नायट्रोजनची मर्यादा घातली, एकूण भार २० टक्के कमी करायचं ठरवलं आणि त्यासाठी सार्वजनिक पैसा उभा केला. पाणी बिघडलेलं डोळ्यांना दिसेपर्यंत थांबले असते तर पुढची कित्येक वर्षं ते बिघडतच राहिलं असतं.

बरणी भरली त्याच दिवशी ओढ्याच्या काठावरचं गवताचं एक ठोंब वाहत्या पाण्याने अर्धवट सुटलेलं दिसलं, हातात घेतलं तर मुळं हातभर लांब आणि त्यांच्यात माती अशी घट्ट धरलेली की झटकूनही पडेना. त्याच काठावर पुढे जिथे जेसीबी पार पाण्यापर्यंत गेलाय तिथे काठच उरलेला नाही. त्या उताराचा दुसरा टप्पा अजून उघडलेला नाही. काठाची झाडोऱ्याची पट्टी सोडा, सगळा उतार एकदम खरवडू नका, पावसाळ्यात माती उघडी ठेवू नका, आणि या ओढ्यावर आधीच किती लेआउट मंजूर आहेत त्यांची एकत्र बेरीज करून दाखवा, एवढं मी लेखी मागतोय. अर्ज तयार आहे, अजून ज्यांना सही करायची त्यांनी कमेंटमध्ये सांगा, बरणी पण बरोबर नेणार आहे.