आडनाव सगळ्यांना असतंच? नाही!

एक मजकूर सध्या बराच फिरतोय: आडनाव प्रत्येकाला असतंच, ते पूर्वापार चालत आलेलं असतं, त्यावरून मूळ कळतं, आणि टोपणनाव म्हणजे नुसती घरगुती गंमत. यातलं एकही विधान सरसकट टिकत नाही.

‘प्रत्येकाला असतंच.’ म्यानमारमध्ये आडनावाची रीतच नाही. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस ऊ थांट यांचं नाव फक्त ‘थांट’. ‘ऊ’ हे ‘श्रीयुत’सारखं. आइसलँडमध्ये बहुतेक जण वडिलांचं, कधी आईचं नाव लावतात. योनचा मुलगा योन्सॉन, मुलगी योन्सदोत्तिर. सख्ख्या बहीणभावांचं शेवटचं नाव वेगळं, म्हणून तिथली छापील टेलिफोन डिरेक्टरीही पहिल्या नावानं लावलेली असायची.

हा गैरसमज खरा नडतो तो फॉर्म भरताना. पासपोर्टवर तळाशी यंत्रानं वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या. पहिल्या ओळीत नावाला ३९ जागा: आधी आडनाव, मग दोन खुणांची फट, मग बाकीचं नाव. एकच नाव असलेल्याचं नाव आडनावाच्या जागी जातं, पुढचं रिकामं राहतं. विमान तिकिटाचा फॉर्म मात्र बहुतेकदा नाव आणि आडनाव हे दोन्ही रकाने भरल्याशिवाय सरकत नाही. मग कुणी तेच नाव दोनदा लिहितं, कुणी वडिलांचं घालतं, आणि तिकीट पासपोर्टशी जुळत नाही. अमेरिकी व्हिसावर अशा वेळी पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे ‘पहिलं नाव अज्ञात’, छापतात. पुढे तीच अक्षरं इतर कागदांवर नाव म्हणून उतरतात. यात चूक माणसाची नाही, रकान्याची आहे. ‘पूर्ण नाव’ एवढा एकच रकाना ठेवावा.

‘पूर्वापार.’ चीनबद्दल हे बरंचसं खरं. पण जपानमध्ये सर्वसामान्यांना आडनावाची सक्ती झाली १८७५ मध्ये, थायलंडमध्ये कायदा आला १९१३ साली, तुर्कस्तानात १९३४ साली.

‘मूळ कळतं.’ फिलिपिन्समध्ये १८४९ साली स्पॅनिश गव्हर्नर क्लावेरिया यांनी छापील यादीतून आडनावं वाटायला लावली. यादीची पानं गावोगाव गेली. काही गावांत बहुतेक आडनावं एकाच अक्षरानं सुरू होतात ती त्यामुळे. तिथल्या स्पॅनिश आडनावावरून स्पॅनिश पूर्वज शोधू नयेत.

‘नुसती गंमत.’ रोमन वक्ता सिसेरो याचं कुलनाम हरभऱ्यावरून पडलेलं टोपणनावच होतं. ब्राझीलचे राजकीय नेते लुला यांनी १९८२ मध्ये आपलं टोपणनाव कायदेशीर नावात घातलं. आणि थायलंडमध्ये घरीदारी, कचेरीतसुद्धा हाक टोपणनावानंच मारतात. आडनाव कागदावर राहतं.