गव्हाणीतली खुडूक

आमच्या घरात पर्यावरण शिरलं ते नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, चर्चमधली मिस्सा संपल्यावर, लेकीच्या वहीतून. धर्मशिक्षणाच्या वर्गात कुणीतरी पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली जगाला लिहिलेल्या ‘लाउदातो सी’ या पत्राबद्दल सांगितलं होतं. पृथ्वी हे आपलं सगळ्यांचं घर आहे, ते सांभाळा, असं त्यात म्हटलंय. सगळ्यांचं घर सांभाळायचं म्हणून लेकीनं सुरुवातीला आमचं धरलं.

“यंदा प्लॅस्टिकचं झाड नाही, येशूजन्माच्या देखाव्याला थर्माकोलचा गोठा नाही, चमकीचा कागद नाही,” तिनं जाहीर केलं.

“नाताळ तरी आहे ना?” आई म्हणाली.

आम्ही वसईचे. हरित वसईच्या मोर्चात मीही तरुणपणी घसा फोडून घोषणा दिलेल्या आहेत. टँकर आमच्या विहिरींचं पाणी उपसून नेत होते, वाड्यांवर इमारती उठू पाहत होत्या, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या मागे अख्खं गाव चाललं होतं. ते सोपं होतं. समोर टँकर होता, बोट दाखवता येत होतं. इथे समोर आमचंच माळ्यावरचं खोकं होतं.

खोक्यात २००६ साली घेतलेलं प्लॅस्टिकचं झाड होतं. कमरेएवढं. एक फांदी सुतळीनं बांधलेली. दरवर्षी ते काढताना आई त्याला ओल्या फडक्यानं पुसायची आणि “अजून चांगलं आहे” म्हणायची. लेकीच्या हुकुमावरून ते भंगारवाल्याला गेलं. त्यानं तराजूत टाकलं, हसला आणि वीस रुपये दिले.

आता खरं झाड हवं. माझ्या लहानपणी प्रश्न नव्हता. किनाऱ्यावर जायचं, सुरूची एक फांदी मोडायची, डालड्याच्या डब्यात वाळू भरून ती खोचायची. तिसऱ्या दिवसापासून त्या सुया झडायला लागायच्या आणि नव्या वर्षापर्यंत करंज्यांत सापडत राहायच्या. पण फांदी मोडणं आता बसत नव्हतं. कुंडीतलंच झाड पाहिजे, जगणारं. हाफिसातल्या एकानं सांगितलं की दादरला अर्ध्या किमतीत मिळतं. वसईत चार पावलांवर रोपवाटिका असताना मी दादरहून झाड आणलं, याला पर्यावरण जबाबदार नाही. तो माझा स्वभाव.

संध्याकाळची विरार. माझ्या हातात कुंडीसकट तीन फुटी अरोकेरिया. त्याच्या फांद्या चहूबाजूंनी आडव्या पसरतात, म्हणजे लोकलमध्ये जे कुणीच करू नये नेमकं ते. मी लगेजच्या डब्यात चढलो. अंधेरीपर्यंत एक फांदी एका झोपलेल्या गृहस्थांच्या कानात होती. ते झोपेतच ती वारत होते, माशी समजून. बोरिवलीला मागून रेटा आला आणि झाड माझ्या हातातून सुटलं, पण पडलं नाही. पडायला जागाच नव्हती. ते माणसांच्या खांद्यांवर तरंगत दाराकडून खिडकीकडे गेलं.

खिडकीशी भजनी मंडळ बसलेलं. त्यांनी झाड अदबीनं मधोमध ठेवून घेतलं. अभंग संपल्यावर एकानं हातातले टाळ सहज फांदीला अडकवले आणि तंबाखू मळायला घेतली. आमच्या झाडाला यंदा लागलेली पहिली सजावट ती. भाईंदर गेलं, गाडी खाडीच्या पुलावर आली, तशी शेजारच्या मावशी म्हणाल्या, “द्या इकडे, मी सोडते.”

“काय सोडता?”

“निर्माल्य ना हे? खाडीत टाकायचं ना?”

मी कुंडीला मिठी मारली ती वसई येईपर्यंत सोडली नाही.

घरी आलो तर लेक मोबाइलवर काहीतरी वाचत बसलेली, चेहरा पडलेला. कार्बन ट्रस्ट नावाच्या ब्रिटिश संस्थेचा हिशोब तिला सापडला होता. माणसाच्या उंचीचं, दोन मीटरचं प्लॅस्टिकचं झाड म्हणजे साधारण ४० किलो कार्बनचा बोजा. तो फिटायला तेच झाड दहा-बारा वर्षं तरी वापरावं लागतं.

“म्हणजे आपलं झाड...” ती म्हणाली.

“फिटलेलं होतं,” मी म्हणालो. “कर्ज फेडून मोकळं झालेलं झाड आपण वीस रुपयांना विकलं.”

भंगारवाल्यानं ते दोनशेला परत दिलं. तोडलेल्या सुतळीचे वेगळे मागितले नाहीत, हे त्याचे उपकार. आता पडवीत दोन झाडं उभी आहेत, एक जगणारं आणि एक न मरणारं.

नाताळच्या चांदणीचा प्रश्न तुलनेनं लवकर सुटला. शेजारच्यांचा दिवाळीचा कंदील मागून आणला, बांबूच्या काड्या सोडवल्या, पतंगाचा कागद खळीनं चिकटवला. रात्री झुरळांनी खळ खाल्ली. चांदणीचा एक कोपरा लोंबतो. येणारे-जाणारे विचारतात, धूमकेतू केलाय का?

भेटवस्तूंचं मात्र मला सांगताना अजून कसंतरी होतं. चमकीचा कागद बंद, तेव्हा बायकोनं युक्ती काढली. जुन्या साडीचे तुकडे करून त्यात वस्तू बांधायच्या, वरून केळीच्या सोपटाची गाठ. दिसलं देखणं. माझ्या बहिणीला तिची भेट दिली, तिनं गाठ सोडली, आतला चहाचा सेट बाजूला ठेवला आणि काठावरून बोट फिरवत बसली. तीन वर्षांपूर्वीच्या नाताळात तिनंच ही साडी वहिनीला दिलेली होती.

“वहिनी,” शेवटी ती म्हणाली, “उरलेली साडी कुठाय?”

उरलेली साडी तेव्हा मामींच्या आणि दोन चुलत भावांच्या मांडीवर होती. बहिणीनं जाताना तिन्ही तुकडे घडी घालून नेले. पुढच्या नाताळात ते कशाच्या रूपानं परत येणार, याची आम्ही वाट पाहतोय.

आणि गोठा. थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ सालीच बंदी आली, तरी आमचा जुना गोठा ‘बंदीच्या आधीचा आहे’ या सबबीवर दर नाताळात उभा राहायचा. यंदा तो गेला. झावळ्या वाडीत होत्या, सोपटंही होती. पेंढा नव्हता. माझे आजोबा भातशेती करायचे, आणि त्यांचा नातू मूठभर पेंढ्यासाठी म्हशींच्या तबेल्यात उभा राहून म्हणतोय, “द्या ना थोडा, गोठ्यासाठीच हवाय.” “गुरं किती?” भय्यानं विचारलं. “एक बैल, एक गाढव, तीन मेंढ्या, तीन उंट,” मी म्हणालो. “मातीचे.” त्यानं पैसे घेतले नाहीत. दया केली.

लेकीला मुळात खरीच जनावरं हवी होती. असिसीच्या संत फ्रान्सिसनं १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चोत पहिला देखावा केला तेव्हा खरा बैल नि खरं गाढव उभं केलं होतं, असा दाखला तिनं दिला. मी म्हणालो, संताला पडवीची फरशी पुसावी लागली नसेल. शेवटी नाचणीवर तडजोड झाली. ताटल्यांत नाचणी पेरली, दहा दिवसांत बोटभर हिरवंगार बेथलेहेम उगवलं. गावातली पोरं गोठे बघायला यायची होती. आम्ही फार खुशीत होतो.

अकराव्या दिवशी सकाळी बेथलेहेमचं वाळवंट झालेलं. एक मेंढी आडवी, एका राजाचा मुकुट गायब. आणि गव्हाणीत, जिथे बाळ येशूला चोवीसच्या रात्रीशिवाय ठेवायचं नसतं, तिथे मऊ पेंढ्यात एक अंडं.

अंडं शेजारच्या तांबड्या कोंबडीचं होतं. दुसऱ्या दिवशी दुसरं. मी रोज हाकलायचो, ती रोज यायची. एकविसाव्या तारखेला हाकलायला गेलो तर पिसं फुलवून गुरगुरली आणि हाताला टोच मारली. आईनं चष्मा लावून पाहिलं.

“खुडूक झाली,” ती म्हणाली. “आता अंडी उबवल्याशिवाय उठायची नाही.”

“अगं, पण बाळ कुठे ठेवायचं?”

“मरिया-योसेफासारखी तिलाही सराईत जागा मिळाली नसेल,” आई म्हणाली आणि करंज्या तळायला गेली.

शेजारच्या काकांना बोलावलं. ते म्हणाले, कोंबडी माझी, पण बसलीये तुमच्या येशूच्या जागी, मी कसा हात लावू? चोवीसच्या रात्री मिस्सेहून आलो, मेणबत्त्या लावल्या, नाताळगीत म्हटलं आणि लेकीनं जपून, टोच चुकवत, बाळ येशूला कोंबडीच्या कुशीत सरकवलं. कोंबडीनं एकदा वाकून बघितलं, चोचीनं त्याला नीट आत ओढून घेतलं आणि पंखाखाली झाकून टाकलं. नंतर पाहायला आलेल्या प्रत्येकाला सांगावं लागलं, “आहे, आहे, खाली आहे.”

गोठा तीन राजांच्या सणाला, सहा जानेवारीला, उतरवायची आमच्याकडे पद्धत. पण कोंबडीचे एकवीस दिवस भरतात अकरा जानेवारीला. लेकीनं कॅलेंडरवर तारखेभोवती गोल केलाय. पेंढा, झावळ्या, धूमकेतू, दोन्ही झाडं, सगळं जिथल्या तिथे आहे. राजे येऊन पोचलेत, एक बिनमुकुटाचा, आणि ओळीनं उभे आहेत. आईनं त्यांच्या पुढ्यात काल आणखी एक वाटी ठेवली. सोनं, ऊद, गंधरस आणि मूठभर कण्या.