16 फुटी पोल अन् टीटीईची मर्जी

जानेवारी 2026 मधे पनवेल स्टेशनवर पोल व्हॉल्टच्या (लांब पोल टेकवून उंच उडी मारायचा खेळ) खेळाडूंना त्यांच्या लांब पोलपायी टीटीईनं गाडीतून उतरवलं, त्यात राष्ट्रीय विक्रमवाला देव मीणा पण होता, मंगळुरूची स्पर्धा खेळून भोपाळला चालले होते बिचारे, काही तास तिथंच अडकले अन् मग दंड भरून पुढं गेले. तेव्हापासून आमच्या दारव्ह्याकडच्या ग्रुपवर दोन पार्ट्या. काका म्हणतात नियम म्हणजे नियम, उद्या कोणी तुषार सिंचनाचे पाईप घेऊन एसी डब्यात बसन. पोट्टे म्हणतात अमेरिकेत असं होत नाही, दादा तूच सांग.

तर सांगतो राजेहो, इथंही होते. मी आयोवात राहतो, जिकडं तिकडं मका, अन् हायस्कूलच्या पोरांत पोल व्हॉल्ट चांगलं चालते. पण पोल घेऊन विमानानं जायचं म्हटलं की कित्येक कंपन्या सरळ नाही म्हणतात, अन् यूपीएस, फेडेक्सचं साधं पार्सल 108 इंचावर थांबते, म्हणजे 9 फूट. मग पुठ्ठ्याच्या जाड नळीत चार-पाच पोल एकत्र घालायचे, दोन्हीकडून बूच ठोकायचं अन् ट्रकच्या मालासोबत पाठवायचे, त्याचं भाडं ऐकलं की बाप गप्प होते. बहुतेक जण आपल्याच गाडीच्या टपावर बांधून नेतात, मागच्या टोकाला लाल फडकं.

"तिथं गेल्यावर कोणाचाही घे न बाबा", हेही काकांनी लिहिलं. नाही जमत काका. पोलवर त्याची लांबी अन् तो किती वजनाच्या खेळाडूसाठी आहे ते छापलेलं असते, इथल्या शाळांच्या नियमात तर पोराचं वजन त्या आकड्याच्या वर गेलं की तो पोल बाद. शिवाय एकाच खेळाडूला एका स्पर्धेत कमीजास्त कडक असे तीन-चार पोल लागतात, वारा फिरला की बदलायचे, अन् घडी होणारा पोल काही येत नाही.

फरक इतकाच, की इथला नकार घरी बसून मिळते. वेबसाइटवर इंच लिहून असतात, पटलं तर जा. आपल्याकडं रेल्वेचं माप आहे, पेटी 100 बाय 60 बाय 25 सेंटिमीटर, त्याच्यावर असलं तर ब्रेकव्हॅनमधे, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यात, बुक करा. आता पुरुषांचा भाला 260 ते 270 सेंटिमीटरचा, म्हणजे तोही बसत नाही, तरी भाले जातातच न? टीटीई भला असला की "ठेव कोपऱ्यात" म्हणते, दुसरा असला की उतरवते. अन् ब्रेकव्हॅन म्हणणं सोपं आहे हो, दोन मिनिटं थांबणाऱ्या गाडीत ते चढवन कोण, अन् तुम्ही पोचले, सामान मागच्या गाडीत राहिलं, तर उद्याची स्पर्धा काय हातानं खेळायची?

मर्जीचा फायदाही आहे, खोटं कशाला बोलू. गावाकडं 20 फुटी पाईप बैलबंडीवर टाकून आपण आरामात नेतो, काळीपिवळीवाला "बांध न भाऊ वर" म्हणते, कोणी फॉर्म मागत नाही. आयोवात हे सुख नाही. पण ही मर्जी ओळखीच्या टापूत चालते, अमरावतीजवळचं बडनेरा स्टेशन सोडलं की संपली. विक्रमवाल्याची निदान बातमी झाली, जनरल डब्यात भाला घेऊन चढलेल्या तालुक्याच्या पोराची कोण करन?

एकानं लिहिलं आपल्याकडं खेळाची कदरच नाही. हे मला अजिबात पटलं नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची टीम 1936 ला बर्लिनला जाऊन देशी खेळ दाखवून आली. कदर आहे, सामानाची सोय नाही.

फुकट कोणी मागत नाही. तिकीट काढतानाच लांब सामानाचा एक रकाना ठेवा, लांबी टाकली की भाडं दिसलं पाहिजे, डबा अन् जागा पावतीवर छापून आली पाहिजे, अन् ती पावती पाहिल्यावर टीटीईनं पुढच्या बर्थकडं जावं. पैसे दोनशे घ्या नाहीतर पाचशे घ्या, वर्गणी करून देऊ.