बाळाच्या हृदयाचा सीटी नाकारण्याआधी

व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतोय : "बाळाच्या हृदयाचा सीटी करू देऊ नका. एक सीटी म्हणजे 500 एक्स-रे, पुढे कॅन्सर ठरलेला. इको झाला असेल तर सीटी फक्त बिल वाढवायला. हवंच असेल तर एमआरआय करून घ्या." जन्मजात हृदयदोष असलेल्या बाळाचे आईबाप आधीच हादरलेले असतात. हे वाचून त्यांनी तपासणी लांबवली, तर नुकसान बाळाचं होईल.

500 हा आकडा आला कुठून? मोठ्या माणसांच्या हृदयाच्या सीटीला जुन्या पद्धतीत 10 मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं एकक) किंवा त्याहून जास्त किरण लागत. छातीच्या एक्स-रेला साधारण 0.02. भागाकार केला की 500. आज बाळाच्या वजनानुसार व्होल्टेज 70-80 किलोव्होल्टपर्यंत उतरवतात आणि ठोक्याच्या ठरावीक क्षणीच किरण सोडतात. चांगल्या केंद्रात मात्रा 1 मिलिसिव्हर्टच्या आसपास, बरेचदा त्याखालीही राहते. निसर्गातून आपल्या प्रत्येकाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतातच.

"कॅन्सर ठरलेला" हे धादांत खोटं आहे. धोका मात्र शून्य नाही, आणि तो आईबापांना स्पष्ट सांगायलाच हवा. युरोपातल्या नऊ देशांच्या 2023 सालच्या अभ्यासाचा अंदाज असा : सीटी झालेल्या दर 10,000 मुलांमागे पुढच्या 12 वर्षांत एका-दोघांना त्या किरणांमुळे रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो. मात्रा वाढली की धोका वाढतो, म्हणून विनाकारण पुन्हा पुन्हा सीटी नकोच.

आता इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. पहिली तपासणी तीच, आणि हृदयातल्या साध्या छिद्रासाठी बहुतेक वेळा तेवढीच पुरते. अशा बाळाला सीटी सांगितला तर कारण जरूर विचारा. पण इकोच्या ध्वनिलहरी हवा आणि हाडांपलीकडे नीट जात नाहीत, त्यामुळे हृदयाबाहेरच्या रक्तवाहिन्या अनेकदा अर्धवटच दिसतात. ऑक्सिजन कमी पडून निळसर दिसणाऱ्या काही बाळांत फुप्फुसाकडे जाणारी मुख्य वाट बंद असते आणि महाधमनीतून फुटलेल्या आडवाटेच्या वाहिन्या फुप्फुसाला रक्त पुरवतात. त्या किती, कुठून निघतात, कुठे अरुंद होतात, हे सर्जनला छाती उघडण्याआधी कळायला हवं. काही बाळांत महाधमनीचं कडं श्वासनलिकेला आवळतं. सीटीत वाहिनी आणि दबलेली श्वासनलिका एकत्र दिसतात. पूर्वी अशा माहितीसाठी बरेचदा कॅथेटर घालावा लागे. त्यातही किरण असतातच, शिवाय नळी थेट रक्तवाहिनीत.

एमआरआयमध्ये किरण नाहीत, रक्तप्रवाहही मोजता येतो. मोठ्या, शांत पडून राहणाऱ्या मुलासाठी तो उत्तम. पण तपासणी अनेकदा पाऊण-एक तास चालते आणि लहान मुलांना बहुधा भूल द्यावी लागते. फुप्फुसाचा रक्तदाब वाढलेल्या किंवा एकाच कप्प्यावर हृदय चालणाऱ्या बाळासाठी भूल हीच मोठी जोखीम ठरू शकते. नव्या यंत्रावर सीटीची प्रतिमा काही क्षणांत मिळते. पुष्कळ तान्ह्या बाळांना दुपट्यात गुंडाळून, भूल न देताही काम होतं.

संदेशात नसलेली एक गोष्ट मात्र खरोखर लक्षात ठेवण्याजोगी आहे. सीटीत वाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात त्या डायमध्ये आयोडीन असतं आणि त्यामुळे क्वचित बाळाचं थायरॉइड मंदावतं. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांची थायरॉइड तपासणी डाय दिल्यानंतर तीन आठवड्यांत करावी, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2022 मध्ये सुचवलं. याबद्दल डॉक्टरांना विचारा. सीटीतून नेमकं काय कळणार आहे, मात्रा बाळाच्या वजनाप्रमाणे ठरवणार का, तिथे तान्ह्या मुलांचे हृदयाचे सीटी नेहमी होतात का, हेही विचारा. आणि स्कॅनची सीडी मागून घ्या. नुसत्या छापील अहवालावर थांबू नका. दुसऱ्या रुग्णालयात जावं लागलं, तर तिच्यामुळे पुन्हा सीटी करणं टळू शकतं.