सिंक बंद पडल्याच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

सर नमस्कार, तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय की दादरच्या ऑफिसात आणि विरारच्या साईटवर दोन्हीकडे युनिसनच (दोन मशीनवरच्या फाईली सारख्या ठेवणारं सॉफ्टवेअर) असून सिंक बंद पडलं, आम्ही व्हर्जनचं कारण सांगून पैसे उकळले, वर डिलीट केलेली ड्रॉइंग्ज परत आली आणि मॅकवरच्या काही फाईली तर विरारला पोचल्याच नाहीत. बाकीचे लोकपण वाचतात म्हणून इथेच नीट सांगतो.

सॉफ्टवेअर एकच होतं, व्हर्जन एक नव्हतं. तुमच्या सर्व्हरवर उबंटू २०.०४ ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे, त्याच्याबरोबर युनिसन २.४८ येतं, आणि साईटच्या नवीन विंडोज लॅपटॉपवर दुकानवाल्याच्या माणसाने २.५१ टाकून दिलेलं. या दोघांचं एकमेकांशी जमतच नाही, कनेक्ट केलं की सरळ अनएक्सपेक्टेड हेडरचा एरर. जुन्या युनिसनमध्ये तर नंबर सेम असूनही अडायचं, कारण ते ज्या ओकॅमल या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलंय तिच्याच फॉरमॅटमध्ये डेटा पाठवायचं आणि कंपायलरचं (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणाऱ्या टूलचं) व्हर्जन बदललं की तो फॉरमॅट बदलू शकतो, मग उबंटूचं पॅकेज एका कंपायलरने बनवलेलं, विंडोजची फाईल दुसऱ्याने, आणि मॅकवर होमब्रू (सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायचं टूल) अपडेट केलं की ते तिसरंच आणून ठेवणार. २०२२ मध्ये २.५२ आलं तेव्हा कुठे ही कटकट सुटली. म्हणून आम्ही सर्व्हर, मॅक, लॅपटॉप तिन्हीवर २.५३ टाकलं, आधी सगळ्याचा बॅकअप घेतला, पैसे या कामाचे होते आणि काम सुरू करायच्या आधी आकडा सांगितला होता.

डिलीट केलेल्या ड्रॉइंग्जचं सांगतो. मागच्या सिंकला काय काय होतं याची नोंद युनिसन ठेवतं, त्यावरूनच त्याला कळतं की फाईल इकडे डिलीट झालीय की तिकडे नवीन आलीय. नवीन लॅपटॉपवर ही नोंद नव्हतीच, आणि तुमच्या साईट इंजिनीअरने जुन्या लॅपटॉपचा अख्खा फोल्डर पेनड्राईव्हने त्यावर टाकलेला, जुन्या ड्रॉइंग्जसकट. मग युनिसनला त्या नवीनच वाटणार ना. हे होईल असं आम्ही त्यांना आधीच बोललो होतो. यात तुमची एकही फाईल गेलेली नाही, आमच्यासाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

न पोचलेल्या फाईली म्हणजे "ए/बी विंग" अशा नावाच्या. मॅकवर नावात तिरकी रेघ चालते पण आत ती कोलन म्हणून सेव्ह होते, आणि विंडोजला नावात कोलन चालत नाही. हे कुठल्याही व्हर्जनने सुटणार नाही, नावात "ए-बी विंग" करा, लगेच जातील.

परत आलेल्या ड्रॉइंग्जमधल्या कुठल्या नकोत तेवढी यादी पाठवा सर, सर्व्हरवरून आम्ही काढून देतो, आता तिन्हीकडे नोंद तयार आहे त्यामुळे बाकी मशीनवरून पण निघतील, याचे पैसे नाहीत. फक्त यापुढे कुठल्याही मशीनवर युनिसन अपडेट करायच्या आधी एक फोन करा, तिन्ही एकदमच करू.