दोन राउंड जिंकूनही पोरगा हरला कसा?

गेले आठ दिवस नाशिकमधल्या बॉक्सिंगवाल्यांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. पंचवटीतल्या एका हॉलमध्ये झालेली मुलांची बाउट (लढत), दीड मिनिटाचा तुकडा, आणि खाली लांबलचक मजकूर. सार एवढंच: रेड, म्हणजे लाल कॉर्नरच्या पोराने तीनपैकी दोन राउंड जिंकले, समोरच्याला एकदा खाली बसवलं, सगळा वेळ पुढे चालत तोच मारत होता, तरी निकाल ब्लूच्या, म्हणजे निळ्या कॉर्नरच्या पोराच्या बाजूने. ऑलिंपिकमध्ये मेरी कोमचं असंच केलं होतं. म्हणून जज हटवा, मशीन लावा, ठोसे मोजा, विषय संपवा.

मी त्या दिवशी टाइमकीपरच्या टेबलाला बसलो होतो. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी जजेसचा वकील आहे असं कुणाला वाटायला नको: मनातल्या मनात मी ती बाउट रेडला एका गुणाने दिली होती. तो पोरगा जिंकला असता तर मला काहीच खटकलं नसतं. पण मेसेजमधली कारणं चुकीची आहेत, आणि सुचवलेला उपाय तर करून, पस्तावून, सोडून दिलेला आहे.

दोन राउंडांचं आधी बघू. त्या बाउटला तीन जज होते. रेडच्या वडिलांनी बरीच हुज्जत घालून जजेसच्या गुणांच्या शीटचे फोटो मिळवले, तेच ग्रुपवर आहेत. पहिला राउंड तिघांनीही ब्लूला दिला. दुसरा दोघांनी रेडला, तिसराही दोघांनी रेडला. झाले ना दोन राउंड रेडचे? झाले. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या राउंडला रेडला कौल देणारे दोघे तेच नव्हते. प्रत्येक जज जिंकणाऱ्याला 10 आणि हरणाऱ्याला बहुतेक वेळा 9 लिहितो, आणि बेरीज फक्त स्वतःच्या शीटची करतो. अशा बेरजेत एका जजकडे रेड 29-28 ने पुढे, दोघांकडे ब्लू 29-28 ने पुढे. निकाल 2-1, ब्लू.

मेरीचं टोकियो ऑलिंपिकमध्ये हेच झालं. 29 जुलै 2021, कोलंबियाची इंग्रिट व्हॅलेन्सिया. पहिला राउंड 4-1 ने व्हॅलेन्सियाचा, पुढचे दोन्ही 3-2 ने मेरीचे, आणि निकाल 3-2 व्हॅलेन्सिया. त्या दिवशी मीही टीव्हीसमोर आरडाओरडा केला होता. नंतर कागदावर मांडलं. पाच जज, तीन राउंड, म्हणजे पंधरा कौल. व्हॅलेन्सियाचे चार अधिक दोन अधिक दोन, आठ. मेरीचे एक अधिक तीन अधिक तीन, सात. यात हातचलाखी कुठेच नाही. पहिल्या राउंडला जो मोठा फटका बसला, तो पुढच्या दोन निसटत्या राउंडांनी भरून निघाला नाही.

यावर एक जण म्हणाला, मग सरळ राउंडच मोजा, ज्याचे दोन त्याची बाउट. मला हे पटत नाही. पहिल्या राउंडला सडकून मार खायचा आणि पुढचे दोन केसभर फरकाने काढायचे, एवढ्यावर बाउट जिंकता येऊ नये.

आता खाली बसवल्याचं. कुस्तीच्या मातीत वाढलेल्या आपल्या लोकांना पाडणं म्हणजे निकाल वाटतो, कारण तिथे चीतपट झाली की खेळ खलास. हौशी बॉक्सिंगमध्ये समोरचा पडला म्हणून आपोआप जादा गुण मिळत नाही. रिंगमध्ये उभा असलेला रेफरी आठपर्यंत मोजतो, आणि जजच्या लेखी तो एक चांगला लागलेला ठोसा असतो. व्यावसायिक बॉक्सिंगची रीत वेगळी. तिथे नॉकडाउन झाला की राउंड सहसा 10-8 लिहिला जातो. यूट्यूबवर लास वेगासच्या लढती बघून आलेला पालक पंचवटीत तोच हिशोब लावतो.

तरीही या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, पण त्याचा पत्ता जजचा नाही, रेफरीचा. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जपानच्या सातोशी शिमिझुसमोर अझरबैजानचा मागोमेद अब्दुलहमिदोव शेवटच्या राउंडला सहा वेळा खाली गेला, आणि तरी 22-17 ने विजयी जाहीर झाला! जपानने तक्रार केली, निकाल फिरला, रेफरीला घरी पाठवलं. ती बाउट रेफरीने कधीच थांबवायला हवी होती. आणि मेसेज लिहिणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: तेव्हा गुण मोजायला मशीनच होतं.

कारण ‘मशीन लावा’ ही मागणी पस्तीसेक वर्षं जुनी आहे. 1988 च्या सोल ऑलिंपिकच्या फायनलमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सने यजमान कोरियाच्या पार्क सी-हुनला 86 ठोसे मारले, खाल्ले 32, आणि निकाल 3-2 पार्क. त्या गदारोळानंतर 1992 च्या बार्सिलोनापासून बटणं आली. पाच जज, प्रत्येकापुढे एक लाल आणि एक निळं बटण. पाचपैकी तिघांनी एका सेकंदाच्या आत तेच बटण दाबलं तरच गुण. सेकंदाची अट 2011 मध्ये गेली, पण बटणं दाबून मोजणं लंडनपर्यंत, म्हणजे वीस वर्षं चाललं.

ऐकायला किती न्याय्य! प्रत्यक्षात जवळून मारलेला बरगडीतला हुक (कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा) तीन बाजूंना बसलेल्या तिघांना एकाच वेळी दिसतच नाही. जॅब, क्रॉस, हुक अशी ठोशांची सलग तिकडी मारली, तर बोट तेवढ्या वेगाने चालत नाही. तिघांचं मिळून एकदा जमलं तर जमलं. दिसायचा काय, तर लांबून डोक्यावर टेकवलेला सरळ ठोसा. मग बॉक्सरही तेवढंच शिकले. टेकवायचं आणि पळायचं, आघाडी मिळाली की उरलेला वेळ रिंगभर फिरायचं. त्या काळात शिकलेल्या मुलांना अंगावर मारायला पुन्हा शिकवताना आमच्या सरांचा घसा बसायचा.

आणि तक्रारी काय थांबल्या? लंडनलाच आपला सुमित सांगवान ब्राझीलच्या यामागुची फाल्काओकडून 14-15 ने हरला, भारताची तक्रार फेटाळली गेली. विकास कृष्ण 13-11 ने जिंकला म्हणून आपण जल्लोष केला, आणि काही तासांनी निकाल 15-13 अमेरिकेचा एरॉल स्पेन्स असा बदलला, कारण विकासने वारंवार पकडून धरल्याचे बहुतेक फाउल रेफरीने दिलेच नव्हते. बटणाच्या मागे बोट माणसाचंच होतं. 2013 पासून हौशी बॉक्सिंग दहा गुणांच्या पद्धतीवर आलं ते हे सगळं भोगून.

पुढे चालणाऱ्याच्या मुद्द्याबद्दल फार लिहीत नाही. पुढे चालणं हा गुण नाही. मुठीच्या पुढच्या भागाने, डोक्याच्या किंवा कमरेच्या वरच्या अंगाच्या समोरून-बाजूने नीट लागलेला ठोसा हा गुण. त्यानंतर बाउट कोणाच्या तालावर चालली ते बघायचं. व्हिडिओ आवाज बंद करून बघा. रेडचे निम्मे ठोसे ब्लूच्या गार्डवर, म्हणजे बचावाला धरलेल्या हातांवर आदळतायत. आवाज चालू केला की प्रत्येक ठोशाला ‘हेऽऽ’ होतं, कारण प्रेक्षकांत रेडचे मित्र जास्त होते.

मग जज धुतल्या तांदळासारखे असतात का? अजिबात नाही. 2016 च्या रिओत आयर्लंडचा मायकल कॉनलन रशियाच्या ज्या निकितिनकडून हरला, तो निकितिन दुखापतींमुळे पुढच्या बाउटला रिंगमध्ये उतरूच शकला नाही. तिथे जजेसची आणि निकालांची फिरवाफिरवी झाल्याचं 2021 च्या मॅक्लॅरेन चौकशी अहवालात उघड झालं. रिओत पाच जज बसायचे, पण कंप्युटर त्यातल्या तिघांचीच शीट निवडायचा. तो प्रकार नंतर बंद झाला, पाचही शीट धरायला लागले. ती खरी सुधारणा होती, आणि त्यात ठोसे मोजण्याचा काही संबंध नव्हता.

परवा तो रेड कॉर्नरचा पोरगा सरावाला आला होता. मला म्हणाला, “काका, तिसरा राउंड ब्लूला कोणी दिला?” मी म्हटलं, डाव्या बाजूच्या खुर्चीतल्या जजने. तो थोडा वेळ आठवत राहिला. “म्हणजे मी दोरांशी होतो तेव्हा त्याला माझी पाठच दिसत असणार.” मेसेज लिहिणाऱ्या मोठ्या माणसांपैकी हा प्रश्न एकालाही पडला नव्हता.

मला आयोजकांकडून हवं आहे ते एवढं. ज्या क्लबचा बॉक्सर रिंगमध्ये, त्या क्लबचा जज खुर्चीत नको. पाच खुर्च्या असतील तर पाच जज आणा, तिघांवर भागवू नका. आणि शीटचे फोटो काढायला बापाला हुज्जत का घालावी लागते? बाउट संपली की शीट हॉलच्या दाराशी चिकटवून टाका, कोणत्या खुर्चीने काय दिलं ते सकट.